‘स्मॉल फॉर्च्यून्स’: सणाच्या एका शब्दकोड्याच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १६ मार्च २०२४

उद्या सेंट पॅट्रिक्स डे, आयर्लंडच्या संताचा सण, आणि यंदा तो रविवारी आला आहे. अमेरिकी वर्तमानपत्रांत रविवारचं शब्दकोडं आकारानं आठवड्यातलं सर्वांत मोठं असतं. रोजची जाळी पंधरा बाय पंधरा घरांची, रविवारची एकवीस बाय एकवीस. सण आणि रविवार एकत्र आले की कोडं सणावर बेतलेलं असण्याचा संभव मोठा. पॅट्रिकचा सण म्हटला की अमेरिकेत आयर्लंड, हिरवा रंग आणि नशीब हे ओघानंच येतं. तेव्हा ठरलं: तिथल्या एका वर्तमानपत्राचं उद्याचं कोडं छापून घ्यायचं आणि शेवटच्या घरापर्यंत न्यायचं.

नियम साधे. शब्दकोश उघडायचा नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. प्रत्येक महत्त्वाचा शब्द कशाच्या आधारानं मिळाला ते इथे लिहायचं.

या नोंदी कुणासाठी, तेही लिहून ठेवतो. ओळखीतली काही मंडळी मराठी शब्दकोडी झपाट्यानं संपवतात, पण इंग्रजी जाळी समोर आली की ‘आपलं इंग्रजी तेवढं नाही’ म्हणून पान उलटतात. मला त्यांना दाखवायचं आहे की अमेरिकी धाटणीचं कोडं सुटायला शब्दसंग्रहापेक्षा पुरावा जास्त लागतो. कारण त्या जाळीत प्रत्येक घर दोन शब्दांच्या वाट्याला येतं, एक आडवा आणि एक उभा. बऱ्याच मराठी कोड्यांत कितीतरी घरं एकाच शब्दाची असतात. तो शब्द आला नाही तर ते घर रिकामंच राहतं. इथे तसं नाही. प्रत्येक अक्षराला दोन साक्षीदार आहेत आणि एक गप्प बसला तरी दुसरा बोलतो.

आणखी काही नियम जाळीचेच आहेत आणि ते सोडवणाऱ्याच्या कामाचे आहेत. दोन अक्षरी शब्द नसतात, कमीत कमी तीन घरं. जाळी अर्धा फेरा फिरवली, म्हणजे कागद उलटा धरला, तरी काळी घरं तशीच दिसतात. त्यामुळे वर डावीकडे चौदा घरांचा शब्द असेल तर खाली उजवीकडेही चौदाचाच असतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या नियमांत रविवारच्या जाळीत जास्तीत जास्त १४० शब्द चालतात, रोजच्या विषयबद्ध जाळीत ७८. बहुतेक रचनाकार याच चौकटीत काम करतात.

सणाचं आणि शब्दकोड्याचं नातं जुनं आहे. आर्थर विन या लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या पत्रकारानं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्क वर्ल्डच्या पुरवणीत छापलं ते २१ डिसेंबर १९१३ ला, नाताळच्या तोंडावरच्या रविवारी. जाळी चौकोनी नव्हती, हिऱ्याच्या आकाराची होती, आणि नाव होतं ‘वर्ड-क्रॉस’. सुट्टीच्या दिवसांत घरात बसलेल्या वाचकाला काहीतरी गमतीचं द्यावं, एवढाच त्यामागचा हेतू. तो हेतू आजही टिकून आहे याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

रविवार, १७ मार्च

कोडं हातात आलं. शीर्षक ‘स्मॉल फॉर्च्यून्स’. रविवारच्या कोड्याला शीर्षक असतं आणि ते कधीच उगाच दिलेलं नसतं. फॉर्च्यून म्हणजे दैव आणि दौलतही. ‘स्मॉल’ कशासाठी ते कळत नाही. कोपऱ्यात लिहून ठेवलं.

पहिली फेरी गाळलेल्या जागांची. कोणत्याही जाळीत सर्वांत सोपं काम हेच. ‘एमराल्ड ___’, चार घरं: आइल. पाचूचं बेट, म्हणजे आयर्लंड. ‘पॅट्रिकनं देशातून हाकलले अशी कथा आहे ते’, सहा घरं: स्नेक्स. ही नुसतीच कथा आहे. हिमयुगानंतर आयर्लंड समुद्रानं वेढलं गेलं आणि साप तिथे पोहोचलेच नाहीत, त्यामुळे हाकलायला मुळात होतेच कोण! पण कोड्यात कथेला मान असतो.

सूचनांचं व्याकरण या फेरीतच पाहून घ्यावं. सूचना अनेकवचनी असेल तर उत्तर अनेकवचनी, म्हणून शेवटच्या घरात हलक्या हातानं ‘एस’ लिहून टाकायचा. सूचना भूतकाळात असेल तर उत्तरही भूतकाळात, बहुधा ‘ई-डी’. सूचनेत संक्षेप दिसला तर उत्तरही संक्षेप. उत्तर न येताही अशी डझनावारी अक्षरं जाळीत बसतात आणि त्यांच्या आधारानं आडवे शब्द दिसायला लागतात.

सूचनेपुढे प्रश्नचिन्ह असलं तर ती सरळ अर्थानं घ्यायची नाही. आजचं उदाहरण फार सुरेख आहे: ‘तुमच्या बाहीत काय दडलंय?’ तीन घरं. विषय नशिबाचा, त्यामुळे हात आपोआप पत्त्यांकडे जातो आणि ‘एस’, म्हणजे ए-सी-ई, लिहावंसं वाटतं. पण प्रश्नचिन्ह आहे. बाहीत असतो तो आपला दंड: आर्म, ए-आर-एम. दोन्हींची सुरुवात ‘ए’नं, दोन्ही तीन अक्षरी. म्हणून फक्त ‘ए’ लिहिला आणि उभ्या शब्दाची वाट पाहिली. उभ्यानं दुसऱ्या घरात ‘आर’ दिला. दंडच होता.

दुसरा तसाच पेच जाळीच्या मधोमध. ‘आयर्लंड, कवितेत’, चार घरं. इंग्रजी कोड्यांत आयर्लंडची दोन नावं सतत भेटतात: एरिन आणि एअरे. एक ई-आर-आय-एन, दुसरं ई-आय-आर-ई. स्वर भरपूर असल्यानं रचनाकारांना ही दोन्ही फार सोयीची. पहिलं अक्षर दोन्हींत ‘ई’, मधली दोन उलटसुलट. ‘कवितेत’ हा शब्द एरिनकडे झुकतो, पण झुकतो इतकंच. दुसरं घर मधल्या आडव्या लांब शब्दाच्या हाती आहे. पहिल्या घरात ‘ई’ लिहून पुढे गेलो.

दिवसअखेर जाळीचा डावा वरचा भाग बऱ्यापैकी भरला आहे. उजवा वरचा कोपरा मात्र अजिबात दाद देत नाही.

सोमवार, १८ मार्च

आज लांब शब्द. विषयाची उत्तरं सहसा लांबच असतात, आणि ती मिळाली की कोड्याचा कणा मिळतो.

काळ्या घरांवरून मोजलं: वरून तिसऱ्या ओळीत चौदा घरांचा शब्द, खालून तिसऱ्या ओळीत त्याचा जोडीदार. सातव्या ओळीत अकरा, खाली पंधराव्या ओळीत अकरा. आणि अगदी मध्यावर, अकराव्या ओळीत, नऊ. पाच मोठी उत्तरं, पाचही नशिबाची असणार.

अकरा घरांच्या वरच्या शब्दाची सूचना: ‘बढाई मारून झाल्यावर नजर लागू नये म्हणून केलेली कृती’. आपल्याकडे इंग्रजी बोलणारा माणूस अशा वेळी ‘टच वुड’ म्हणतो. ते ब्रिटिश वळण आहे आणि ते नऊ अक्षरांचं आहे. इथे घरं अकरा. पण शेवटचा ‘वुड’ कुठे जाणार? लाकूड तेच राहणार, कृती बदलणार. म्हणून आधी फक्त शेवटच्या चार घरांत डब्ल्यू-ओ-ओ-डी लिहिलं. चारही उभ्या शब्दांनी मान डोलावली. मग उरली सात घरं, आणि अमेरिकी माणूस लाकडाला नुसता हात लावत नाही, तो ठोकतो: नॉक ऑन वुड. ‘नॉक’मधला न उच्चारला जाणारा पहिला ‘के’ मोजला की बरोबर अकरा.

हे तंत्र मला फार मोलाचं वाटतं. पूर्ण उत्तराची खात्री नसताना खात्रीचा तुकडा लिहायचा. उत्तराचा शेवट आधी कळतो आणि सुरुवात नंतर, असं कितीदा तरी होतं.

जोडीदार, पंधराव्या ओळीतला: शेवटी एफ-ओ-ओ-टी आधीच उभ्यांतून आलेलं. नशिबासाठी जवळ बाळगायचा पाय एकच, सशाचा. रॅबिट्स फूट, अकरा. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या हूडू या लोकजादूच्या परंपरेत सशाच्या डाव्या मागच्या पायाला विशेष मान होता, आणि तिथूनच पुढे तो किल्ल्यांच्या जुडग्यापर्यंत पोहोचला. सशाचं नशीब काय ते कुणी विचारत नाही. याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मधला नऊ घरांचा: ‘टोकं वर ठेवायची की खाली, यावर एकमत नाही’. घोड्याची नाल, हॉर्सशू. टोकं वर ठेवली तर नशीब आत साठतं असं काहींचं म्हणणं, खाली ठेवली तर ते दारातून येणाऱ्यावर ओततं असं इतरांचं. नालेची जी कथा इंग्लंडात सांगतात ती दहाव्या शतकातल्या संत डन्स्टनची. लोहारकाम जाणणाऱ्या या संतानं सैतानाच्याच खुराला नाल ठोकली आणि दारावर नाल असेल त्या घरात शिरणार नाही असं वचन घेऊनच त्याला सोडलं. मध्यावरची जागा तिला दिली हे मला आवडलं. आतापर्यंतच्या उत्तरांत कथा असलेली अशी हीच.

हॉर्सशूचा ‘आर’ कालच्या त्या आयर्लंडच्या दुसऱ्या घरात पडला. म्हणजे एरिन.

वरचा चौदाचा दिवसभर मिळाला नाही. सुरुवात ‘एफ’, शेवट ‘ई-डी’, मध्ये कुठेतरी जोडीनं दोन ‘एस’. झोपायच्या आधी डोळ्यासमोर ठेवून बसलो आणि ते उलगडलं: फिंगर्स क्रॉस्ड. एकावर एक चढवलेली बोटं, मनातल्या मनात ‘होऊ दे’ म्हणणारी. आडव्याउभ्या शब्दांच्या खेळात ‘क्रॉस्ड’ हा शब्द उत्तर म्हणून यावा, यात रचनाकाराला किती आनंद झाला असेल!

मंगळवार, १९ मार्च

थोडा वेळ मिळाला. खालच्या डाव्या भागात किरकोळ भर. उजवा वरचा कोपरा जसाच्या तसा.

बुधवार, २० मार्च

आजचा दिवस या प्रकल्पातला सर्वांत श्रीमंत, म्हणून सविस्तर लिहितो.

पाचव्या ओळीत उजव्या कडेला टेकलेला चार घरांचा आडवा शब्द. सूचना: ‘गोमतीकाठचं शहर’. गोमती म्हटल्यावर भारतीय माणसाला विचार करायची गरजच नाही. लखनौ. पण इंग्रजीत लखनौची अक्षरं सात होतात: एल, यू, सी, के, एन, ओ, डब्ल्यू. घरं चार. म्हणून पहिल्या दिवसापासून हा शब्द बाजूला होता आणि मनात दुसरं एखादं चार अक्षरी शहर घोळत होतं. तसं शहर मला सापडेना.

आज तिन्ही उभ्या शब्दांतून शेवटची तीन घरं पक्की झाली: एन, ओ, डब्ल्यू. पहिलं घर रिकामं. आता ‘_नाउ’ असा चार अक्षरी इंग्रजी शब्द कोणता? स्नो होईल, नो होईल. त्यातलं एकही शहर नाही.

त्याच रिकाम्या घरातून जाणारा उभा शब्द तीन घरांचा. वर ‘पी’, खाली ‘वाय’, दोन्ही पक्के. सूचना: ‘धीट, हार न मानणारा’. पे, प्लाय, प्राय यांतला एकही धीट नाही.

इथे थांबून विचार केला. एकाच घराबद्दल दोन साक्षीदार आहेत. एकाचं म्हणणं सूचनेशी जुळत नाही, दुसऱ्याचंही नाही. भोवतालची सगळी अक्षरं दोन्हीकडून तपासलेली. मग गडबड शब्दांत नाही, त्या घरातच काहीतरी आहे. लखनौमधून शेवटची तीन अक्षरं काढली तर उरतं एल-यू-सी-के. लक! ती चारही अक्षरं एका घरात कोंबली तर आडवं लखनौ होतं. आणि उभं? पी, मग लक, मग वाय: प्लकी. धीट, हार न मानणारा. दोन्ही साक्षी एका क्षणात जुळल्या.

शीर्षकही लगेच उलगडलं. स्मॉल फॉर्च्यून्स: आखडून लहान केलेलं नशीब, एका घरात मावेल इतकं.

एका घरात अनेक अक्षरं बसवायच्या या युक्तीला इंग्रजी कोडी सोडवणारे ‘रीबस’ म्हणतात. न्यूयॉर्क टाइम्समध्ये ती गुरुवारी हमखास भेटते, रविवारीही अधूनमधून. इंग्रजी सोडवणाऱ्याला तिचा धक्का बसतो, कारण एक घर एक अक्षर हा त्याच्या हाडीमासी खिळलेला नियम. मराठी कोडी सोडवणाऱ्याला मात्र मी सांगेन की ही आपल्या सवयीची गोष्ट आहे. आपल्या जाळीत ‘स्त्री’ एका घरात बसते, ‘नौ’ही एका घरात बसतो. व्यंजन, स्वर, जोडाक्षर असं सगळं मिळून एक घर, हे आपण लहानपणापासून करत आलो आहोत. इंग्रजी जाळीत शिरताना हा आपला हक्काचा फायदा आहे.

रचनेबद्दलही एक. लखनौ आणि प्लकी ही जोडी या कोड्यातली सर्वोत्तम. दोन्ही शब्दांत ‘लक’ आहे, पण दोघांचाही नशिबाशी अर्थानं काही संबंध नाही. लपवलेला शब्द दोन्हीकडे असा वेशांतर करून बसला की त्याचा शोध खरा शोध होतो.

गुरुवार, २१ मार्च

लकचं एक घर सापडलं म्हणजे आणखी असणार. पण किती आणि कुठे?

संख्या आधी मिळाली. खालून तिसऱ्या ओळीतला चौदा घरांचा शब्द, फिंगर्स क्रॉस्डचा जोडीदार, त्याची सूचना अशी: ‘दुर्मीळ शुभचिन्ह, या कोड्यातली खास घरंही तसंच काही दाखवतात’. पहिलं अक्षर ‘एफ’, शेवटचं ‘आर’. फोर लीफ क्लोव्हर, म्हणजे क्लोव्हर या लहानशा रोपाचा चार पानी नमुना. चार पानं, म्हणजे चार घरं.

या ठिकाणी ‘शॅमरॉक’ हा शब्द मनात येणं स्वाभाविक आहे, आणि तो दोन कारणांनी बाद होतो. एक तर तो आठ अक्षरी. दुसरं, शॅमरॉक आणि चार पानांचं क्लोव्हर या वेगळ्या गोष्टी आहेत. शॅमरॉक हे आयर्लंडचं चिन्ह, आणि त्याला पानं तीनच. पॅट्रिकनं त्या तीन पानांवरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य समजावलं अशी आख्यायिका आहे. चौथं पान हा निसर्गातला अपवाद. पांढऱ्या क्लोव्हरचं शास्त्रीय नावच ट्रायफोलियम रेपेन्स, ज्यात ‘ट्रायफोलियम’ म्हणजे तीन पानांचं. चार पानांचं सापडण्याचं प्रमाण साधारण ५,००० मागे एक इतकं सांगतात. शुभेच्छापत्रांवर पॅट्रिकच्या सणाला चार पानं सर्रास छापतात. या रचनाकारानं मात्र दोन्हींची गल्लत केलेली नाही. सूचनेत पॅट्रिकचं नाव नाही, आयर्लंड नाही, फक्त ‘दुर्मीळ शुभचिन्ह’. अशी काळजी घेणाऱ्या माणसाच्या कोड्यावर वेळ घालवावासा वाटतो.

आता जागा. पहिलं घर पाचव्या ओळीत, उजवीकडून चौथं. घरं क्लोव्हरच्या पानांसारखी मध्याभोवती मांडली असतील, तर बाकीची तीन अशी असायला हवीत: पाचव्या ओळीत डावीकडून चौथं, आणि खालून पाचव्या ओळीत डावी-उजवीकडून चौथी. तिन्ही ठिकाणी पेन्सिलीनं लहानसं वर्तुळ काढलं आणि मगच सूचना वाचल्या.

डावं वरचं: ‘प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा असं जेवण’, चार घरं. पॉटलक. पी, ओ, टी आणि चौथ्या घरात लक. जागा बरोबर. त्याच घरापासून खाली निघणारा पाच घरांचा: ‘दैवाची सर्वांत जास्त मर्जी असलेला’. लकिएस्ट.

डावं खालचं: आडवा ‘काळ्या मांजरामुळे येतं म्हणतात ते’, चार घरं, बॅड लक. उभा ‘कोंबडी करते ते आवाज’, तीन घरं, क्लक्स. सूचना अनेकवचनी, शेवटी ‘एस’, रविवारीच लिहून ठेवलेला. तो आज कामी आला.

उजवं खालचं: उभा ‘दैव, स्त्रीरूपात’, पाच घरं, लेडी लक. आडवा ‘अनपेक्षितपणे फायद्यात राहणं’, चार घरं, लक आउट.

अंदाज केलेल्या तिन्ही जागा खऱ्या निघाल्या. जाळीची समरूपता ही केवळ दिसण्यासाठी नसते, ती सोडवणाऱ्याला दिलेली माहिती असते. हे मला या नोंदीत ठळकपणे सांगायचं होतं.

शनिवार, २३ मार्च

एक घर सोडून सगळं भरलं आहे.

ते घर असं. आडवा शब्द पाच घरांचा, ‘आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीचं मुख्य गाव’: _निस, म्हणजे रिकामं घर आणि पुढे एन-एन-आय-एस. उभा शब्द चार घरांचा, ‘स्तंभलेखिका बॉम्बेक’: _र्मा, म्हणजे रिकामं घर आणि आर-एम-ए. दोन्हींचं पहिलं अक्षर एकच आणि तेच नाही. उभ्यात ‘ई’ घातलं तर एर्मा, ‘आय’ घातलं तर इर्मा. दोन्ही खरी नावं. आडव्यात एनिस किंवा इनिस. दोन्ही आयरिश वाटतात, आणि आयरिश भाषेत बेटाला ‘इनिस’च म्हणतात, त्यामुळे ‘आय’चा मोह आणखी वाढतो.

अशा घराला इंग्रजी कोडी सोडवणाऱ्यांत एक नाव आहे: नॅटिक. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक या गावाचं नाव एका कोड्यात चित्रकार एन. सी. वायथच्या आद्याक्षराला छेदत होतं, आणि दोन्ही माहीत नसलेल्याला ते ‘एन’ मिळवायचा मार्गच नव्हता. तेव्हापासून, म्हणजे २००८ पासून, दोन अपरिचित विशेषनामं छेदतात त्या घराला नॅटिक म्हणतात. अमेरिकी जाळीत नशिबाला जागा असते ती फक्त इथे. दोन्ही साक्षीदार गप्प, आणि सोडवणाऱ्यापुढे नाणं उडवण्याशिवाय काही उरत नाही. नशिबावरच्या कोड्यात असं एक घर असणं मला पटलं नाही. चांगल्या संपादकानं ते काढायला हवं होतं.

एक शंका आली की हे मुद्दाम असेल का? दोन्ही अक्षरं चालतील अशी घरं रचली गेली आहेत. सर्वांत गाजलेलं उदाहरण ५ नोव्हेंबर १९९६ चं, अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशीचं न्यूयॉर्क टाइम्समधलं. जेरेमाया फॅरेल यांच्या त्या कोड्यात ‘उद्याची मुख्य बातमी’ अशा सूचनेला क्लिंटन आणि बॉब डोल ही दोन्ही सात अक्षरी उत्तरं बसत होती, आणि प्रत्येक उभा शब्द दोन्ही प्रकारे खरा ठरत होता. पहिल्या घरातून जाणारा उभा शब्द होता ‘हॅलोविनमधला काळा प्राणी’: कॅट किंवा बॅट. काळं मांजर की वटवाघूळ, ठरवणार मतदार. पण तिथे दोन्ही उत्तरांना सूचना सारखीच लागू पडते. इथे बॉम्बेक ही एकच व्यक्ती आहे आणि क्लेअरचं मुख्य गावही एकच. तेव्हा हे घर एकाच अक्षराचं.

नाणं उडवायचं नाही, असं ठरवलं. पुरावा शोधत बसलो. इंग्रजीत ‘इनिस’ कसं लिहिलं जातं, याचं एखादं माहीत असलेलं आयरिश गाव आठवायचं. आणि आठवलं: एनिस्किलन. ऑस्कर वाइल्ड आणि सॅम्युअल बेकेट, दोघंही ज्या पोर्टोरा शाळेत शिकले ती उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनची. ते नाव आयरिशमध्ये इनिसनंच सुरू होतं आणि इंग्रजीत ‘ई’नं लिहितात. म्हणजे इंग्रजी नकाशावर आयरिश ‘इनिस’चं ‘एनिस’ होतं. क्लेअरच्या गावालाही तेच लागू असणार. ‘ई’ लिहिलं. उभं एर्मा झालं.

वाइल्ड आणि बेकेटच्या चरित्रांतलं एक ओझरतं वाक्य अशा कामी यावं, याचा मला आज जो आनंद झाला तो लखनौच्या आनंदाच्या बरोबरीचा आहे.

रविवार, २४ मार्च

उत्तरं छापून आली. सगळी घरं जुळतात, ‘ई’सकट.

कोड्याबद्दलचं माझं मत. चार लकपैकी उजवं वरचं अप्रतिम. डावं खालचं चांगलं, कारण कोंबडीच्या आवाजात नशीब लपलं आहे, जरी आडव्या बॅड लकमध्ये ते उघडं पडलं तरी. पॉटलक आणि लकिएस्टची जोडी मध्यम. लेडी लक आणि लक आउट मात्र सरळ नशिबाचेच शब्द, त्यामुळे तिथे शोधायला काही उरत नाही. खरं तर कठीण काम रचनाकाराचं आहे. इंग्रजीत ‘लक’ पोटात असलेले आणि तरी नशिबाशी संबंध नसलेले शब्द अगदी मोजके. प्लक आणि क्लक यांची कुटुंबं, लखनौ, संगीतकार ग्लुक, आणि पुढे फारसं काही नाही. ग्लुक घेता आला नसता, कारण लक एका घरात गेलं की दोनच घरं उरतात आणि दोन घरांचा शब्द जाळीत चालत नाही.

फिंगर्स क्रॉस्ड वर आणि फोर लीफ क्लोव्हर खाली, दोन्ही चौदा अक्षरी आणि दोन्हींची सुरुवात ‘एफ’नं. ही मांडणी पाहिल्यावर रचनाकारानं शब्द किती काळ वजन करून पाहिले असतील ते कळतं.

ज्या मंडळींसाठी हे लिहिलं त्यांना कोरी जाळी, या नोंदी आणि एक सूचना पाठवत आहे: आधी नोंदी वाचू नका, पाचव्या ओळीच्या उजव्या टोकापर्यंत स्वतः जा. पुढचं काम गुरुवारच्या पंधरा बाय पंधरा जाळीचं. तिथे शीर्षक नसतं, त्यामुळे युक्तीचा सुगावा सूचनांमधूनच काढावा लागेल.